ससेबर्डीची सात झाडं

१२ जानेवारी, रविवार

माझ्या दगडावर कुणीतरी चुन्याची फुली मारली आहे.

अकरा वर्षं मी त्या दगडावर बसतोय. कंधारहून सकाळची पहिली एसटी, पांगरदरा फाट्यावर उतरायचं, वीस मिनिटं चालायचं, की समोर ससेबर्डी. डाव्या हाताला टेकडीचा दक्षिणेकडचा उतार, उजव्या हाताला उत्तरेकडचा, आणि माझ्या पाठीमागून येणारं ऊन दोन्हीवर सारखं. ही एवढी जागा सापडायला मला दोन महिने लागले होते. तिच्यावर चुना, आणि फुलीचे दोन पाय एका मापाचेसुद्धा नाहीत. उजव्या उतारावर याच हातानं रेघा ओढल्यात, त्याही वाकड्या. मी तीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या, दोरी न धरता रेघ ओढली. ज्याला रेघ येत नाही तो टेकडी मोजायला निघालाय.

टेप घेतलेली दोन माणसं होती. त्यातला एक म्हणाला, चाचा, मोबाइलमधी फोटू काढून घ्या की, कशाला दिवसभर बसून राहिलाव. असल्यांना उत्तर दिलं की आपलं ऊन वाया जातं.

कस्तुराबाई शेळ्या घेऊन आली. पांगरदऱ्याचीच, मी येतो तेव्हापासून तिला इथंच बघतोय. तिनं सांगितलं की खडीची मशीन येणार, उजवी बाजू सुरुंग लावून फोडणार. "तुमी आता डावीच बाजू काढत जावा पेंटरभाऊ," म्हणाली आणि हसली. मला हसू आलं नाही.

आज चित्र झालं नाही. पण बोर्डाच्या पाठीवर नेहमीप्रमाणं नोंद केली, ती चुकवत नाही: १२ जानेवारी २०२५, सकाळी ७.५०, धुकं नाही, वारा उत्तरेचा. सालई सात, डावीकडे, पानं गळायला लागली. ओल दीड हात. चुन्याच्या रेघा तीन, वाकड्या.

१५ जानेवारी, बुधवार

नांदेडला माधवराव सरांचा सत्कार झाला. अर्शियानं मोबाइलवर फोटो दाखवला. "अब्बा, तुमचे सर," म्हणाली. माझे कशाचे सर. मी कुठल्या चित्रकलेच्या वर्गात बसलो नाही. दहावीनंतर हातात ब्रश घेतला, पाट्या रंगवल्या, फ्लेक्स आले आणि पाट्या गेल्या, तेव्हा मी ही टेकडी धरली. माधवराव शाळेत ड्रॉइंग शिकवायचे आणि नांदेडच्या प्रत्येक प्रदर्शनात परीक्षक असायचे, एवढाच संबंध.

सहा वर्षांपूर्वी दहा माणसांत ते मला म्हणाले होते, "मोहियोद्दीनभाई, हात उत्तम आहे, पण ही नोंद झाली, चित्र नाही झालं. झाडं सगळी डावीकडं, उजवीकडं नुसता खडक आणि त्यात हा काळा डाग. तोल कुठाय? चित्रकार झाड हलवतो."

डाग! ती ओल आहे. खडकाच्या चिरेतून पाझरते. दिसली म्हणून काढली. मी तेव्हाच सांगितलं की माझ्या चित्रात जे नाही ते नाही आणि जे आहे ते आहे. दहा माणसं हसली. आज सहा वर्षांनी सुद्धा मला त्या दहांचे चेहरे कागदावर उतरवता येतील.

पुढच्याच वर्षी याच माधवरावांच्या हातून मला पहिलं बक्षीस मिळालं. सत्तावीस नंबरचं चित्र. त्याबद्दल लिहायला आज वेळ नाही.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन करून धम्मदीप वकील थेट घरी आला. कंधारच्या कोर्टात असतो, मूळचा पांगरदऱ्याचा. सोबत गावची चार माणसं. बेगमबीनं चहा ठेवला.

गोष्ट अशी. क्रशरवाल्यानं उजवा उतार खाणीसाठी मागितला आहे. अर्जात लिहिलंय की जागा उजाड आहे, झाड नाही, पाणी नाही, वस्ती लांब आहे. ११ मार्चला सुनावणी आहे, गावानं हरकत घेतली आहे. नुसतं तोंडी बोलून काही होत नाही, पुरावा पाहिजे.

"चाचा, तुमच्याकडं अकरा वर्षांचा पुरावा आहे," धम्मदीप म्हणाला. "तारीख-वारासकट."

अकरा वर्षांत एका माणसानं हे म्हटलेलं नाही. मी एक्केचाळीसच्या एक्केचाळीस चित्रं काढून भिंतीला ओळीनं लावली. त्यांनी पाच मिनिटंसुद्धा बघितली नाहीत. धम्मदीप सरळ सत्ताविसापुढं जाऊन उभा राहिला. हेच द्या म्हणाला. मी सांगितलं की तेहतीसमधलं ऊन जास्त खरं आहे, अडतीसमधल्या खडकाची एकेक भेग मोजून घ्या. नाही, हेच. उजवीकडची सात झाडं त्यांनी तोडून नेली, हे साहेबांना दाखवायचंय म्हणाला. बक्षिसाचं चित्र आहे, तेच उचलणार. माणसं एकमेकांकडं बघत होती, एक म्हातारा उपरण्यात खोकला. चित्रासमोर खेड्यातला माणूस असाच बुजतो, मी पुष्कळ वेळा बघितलंय.

"साहेबांनी विचारलं तर सांगाल ना, जसं होतं तसं काढलंय म्हणून?"

मी म्हटलं, अकरा वर्षं मी दुसरं काय सांगतोय?

ते गेल्यावर कप उचलताना बेगमबी म्हणाली, "सीधे हाथकू झाडां थे क्या वां?" ती एकदाच आली होती माझ्याबरोबर, दहा मिनिटं. मी तिला कप विसळायला सांगितलं.

२ फेब्रुवारी, रविवार

गावात हवा झाली आहे. चौकातला चहावाला पैसे घेईना. ज्यांना इतक्या वर्षांत माझं नाव धड घेता आलं नाही ते "मोहियोद्दीनसाब" म्हणतायत. विष्णुपुरीच्या अलीकडचा एक हॉटेलवाला, ज्यानं माझी टेकडी नाकारून भिंतीवर बर्फाच्या डोंगराचा फ्लेक्स लावला होता, त्याचा फोन आला की आता आपल्याकडचं काही द्या. बर्फ वितळला का विचारलं आणि ठेवून दिला.

आज टेकडीवर गेलो नाही. गुडघा.

१६ फेब्रुवारी, रविवार

आजही गुडघा. बेगमबीचं म्हणणं असं की हा गुडघा जिना चढताना दुखत नाही, फक्त रविवारी दुखतो. बाईमाणसाला औषधातलं काय कळतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

गेलो. गेलो नसतो तर बरं झालं असतं.

दगडावर बसलो होतो. सालईची पानं सगळी गळाली आहेत. या दिवसांत तिची साल कागदासारखी सुटते, खाली हिरवट राखाडी खोड निघतं. तो रंग जमायला मला चार वर्षं लागली. सातही झाडं डाव्या उतारावर, जिथल्या तिथं.

कस्तुराबाई आली. सुनावणीचं विचारलं आणि म्हणाली, "लई सोय केली पेंटरभाऊ तुमी. आमी म्हनत हुतो, खरं झाड तर तिकडं एक बी न्हाई, मग दावायचं काय? तर धम्मदीपनं वळखलं. म्हने चाचानं एका कागदावर तिकडं लावलीत झाडं."

मी विचारलं, कुणाकुणाला ठाऊक आहे?

"आता गावाला गावची टेकडी ठाऊक नसल का? समद्यास्नी ठाऊक हाय."

तर चाळीस खरी चित्रं भिंतीला लावून मी उभा होतो, आणि ते शोधत होते ते एक खोटं. खोटंच पाहिजे होतं म्हणून माझ्या दारात आले. तो म्हातारा खोकला नव्हता, हसला होता. आणि मी त्याला दुसरा चहा घ्या म्हणालो!

हो, मी झाडं हलवली. लिहून टाकतो. डिसेंबर २०१९. डावीकडची सात उचलून उजवीकडं लावली, बरोबर ओलीवर. तोल साधला. बक्षीस मिळालं. पाठीवर "सालई सात" लिहिलं आणि डावीकडे की उजवीकडे ते लिहिलं नाही. त्या एकाच पाठीवर लिहिलेलं नाही.

परत येताना एसटीत कंडक्टरशी भांडलो. कशावरून ते आठवत नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

कोर्टाच्या व्हरांड्यात धम्मदीपला गाठलं. म्हटलं, मी येणार नाही, चित्र परत दे. त्याचा आवाज चढला नाही, याचाच मला जास्त राग आला.

"चाचा, त्यांच्या अर्जात लिहिलंय की वस्ती दीड किलोमीटरवर आहे. माझ्या आजीचं घर चारशे पावलांवर आहे, मी स्वतः मोजलंय. त्यांनी आख्खं गाव हलवलं तर चालतं, तुम्ही सात झाडं हलवली तर नाही?"

मग पावलांचं सांग, मी म्हणालो.

"सांगितलं. दोनदा लेखी दिलं. त्यांच्या कागदावर शिक्का आहे, आपल्या तोंडाला नाही. तुमच्या चित्राला बक्षिसाचा शिक्का आहे."

"तुला माझ्या चाळीस चित्रांत काही दिसलं नाही?"

तो म्हणाला, "दिसलं ना. उजवीकडं काही नाही, हे चाळीस वेळा दिसलं. ती नेऊ का? क्रशरवाला फ्रेम करून लावील." आणि मग, "त्या चित्रावर सही तुमची आहे, चाचा. माझी नाही."

यावरचं उत्तर मला चौकात आल्यावर सुचलं. चांगलं उत्तर होतं. आता त्याचा काय उपयोग.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

नांदेडला गेलो, माधवराव सरांच्या घरी. ठरवून गेलो होतो की त्यांना त्यांचं वाक्य परत करायचं.

थकलेत. गच्चीवर कुंड्यांना पाणी घालत होते. मला ओळखलं, खुर्ची पुसून दिली. मी वाक्य शब्दाला शब्द म्हणून दाखवलं, दहा माणसं, तारीख, सगळं.

"मी तुम्हाला म्हणालो होतो?" म्हणाले. "असेल. ते मी सगळ्यांनाच म्हणायचो. पस्तीस वर्षं. पोरांना समजायला सोपं जायचं."

मी सहा वर्षं ज्या वाक्याशी भांडत होतो ते या माणसानं आठवीच्या वर्गात वाटलं होतं.

मी उठलो तर जिन्यापर्यंत आले. म्हणाले, "बक्षिसाचं चित्र व्यवस्थित होतं. पण त्याच्या आधीचं, त्या काळ्या डागाचं, ते मला घरी न्यावंसं वाटलं होतं. तो डाग अजून डोळ्यांपुढं आहे माझ्या."

हे सहा वर्षांनी सांगतायत. जिन्यात. मी सलाम केला आणि उतरलो. त्यांनी चहा विचारला होता, तोही घेतला नाही. माणसाला काय धड लक्षात ठेवायचं तेही कळत नाही.

११ मार्च, मंगळवार. दहावा रोजा

गेलो. चाळीस चित्रं दोन चादरींत बांधून ऑटोत घालून सुनावणीला नेली. गाठी बेगमबीनंच मारून दिल्या. धम्मदीपचा चेहरा मला बघून उजळला. त्याला वाटलं मी नमलो.

अधिकारी बाई होत्या, वयानं अर्शियापेक्षा फार मोठ्या नसतील. धम्मदीपनं सत्तावीस नंबर टेबलाला टेकवून उभं केलं आणि चांगलं बोलला. मग क्रशरवाल्याचा वकील उठला. अतिशय गोड माणूस. त्यानं मोबाइलमधला परवाचा फोटो दाखवला: डावीकडे सालई सात, मोठी झाडं, उजवीकडे एक नाही. आणि चित्रात उजवीकडे सात, डावीकडे एक नाही. पाच वर्षांत एवढी झाडं वाढतात का, असं त्यानं हळूच विचारलं.

"आम्हाला चाचांचा आदर आहे," तो म्हणाला. "चित्रकार झाड हलवतो, तो त्याचा हक्कच आहे. माझं म्हणणं एवढंच, की चित्र हा पुरावा नव्हे. यांचं एकही चित्र नव्हे."

धम्मदीप माझ्या कानाशी आला. "बोर्डावर जागा पुरली नाही म्हणून डावीकडची झाडं घेतली नाहीत म्हणा. तेवढंच म्हणा, चाचा. गाव वाचतंय."

आधीचं सगळं मी ऐकून घेतलं असतं, खरंच. पण "एकही नव्हे" हे ऐकलं आणि अंगाचा जाळ झाला. उभा राहिलो आणि सांगितलं की हे चित्र खोटं आहे. झाडं मी हलवली, बक्षिसासाठी. उरलेली चाळीस खरी आहेत, त्यांतली एक काडी इकडची तिकडं निघाली तर माझे हात बांधा.

धम्मदीपनं फाइल मिटली. गावची माणसं दाराशी उभी होती, तो म्हातारा बाहेर जाऊन थुंकला, मला ऐकू येईल असा.

बाईंनी विचारलं, चाळिसांत काय आहे? मी चादरी सोडल्या. त्यांनी पहिलं चित्र हातात घेतलं आणि पालथं केलं. दुसरं, तेही पालथं. मी म्हटलं, मॅडम, चित्र पलीकडच्या बाजूला आहे. त्या पाठीवरचंच वाचत राहिल्या. सातवं-आठवं वाचताना थांबल्या.

"ही 'ओल दीड हात' म्हणजे काय?"

"पाणी. खडकातून पाझरतं."

"कुठल्या बाजूला?"

"उजव्या. बाकीच्यांनी डाग म्हटलं, पण ती ओल आहे."

"बारा महिने?"

"नाही. ऑगस्ट ते मार्च. एप्रिलमध्ये नसते. नसेल तेव्हा 'ओल नाही' असं लिहिलंय. तीन ठिकाणी आहे, काढून देतो."

वकील म्हणाला, काळा रंग कशाचाही असू शकतो. बाई म्हणाल्या, मी रंग बघतच नाहीय, तारखा वाचतेय. मग त्यांनी क्रशरवाल्याचा अर्ज उलटला, 'पाणी नाही' या ओळीवर बोट ठेवलं, आणि सांगितलं की सोमवारी १७ तारखेला मी स्वतः जागेवर येणार. पाणी असेल तर बघू. एवढंच. आणि सत्ताविसाकडं मान करून म्हणाल्या, हे परत न्या.

अकरा वर्षांची चाळीस चित्रं, आणि एकाचीसुद्धा समोरची बाजू बघितली नाही.

१३ मार्च, गुरुवार

गावात बोलतायत की पेंटरनं क्रशरवाल्याचे पैसे खाल्ले. चहावाल्यानं आज पैसे मागितले, रोजा सुरू असताना, मी चहा घेतलेला नसताना. जुने म्हणे. धम्मदीप फोन उचलत नाही.

इफ्तारला बेगमबीनं खजूर पुढं केला आणि विचारलं, "गुडघा अब दुखतै क्या?"

नाही म्हणालो.

१४ मार्च, शुक्रवार

जुम्म्यानंतर सत्तावीस नंबर मांडीवर घेतलं आणि पत्ती लावली. पाट्यांवरचा जुना रंग खरवडायची माझी पत्ती, तीस वर्षांची. पाच वर्षांचा तेलरंग सहज निघत नाही. चार झाडं निघाली तेव्हा खाली काळा रंग लागला. म्हणजे मी आधी ओल काढली होती. मग वरून झाकली. हे माझ्या लक्षात नव्हतं.

सातवं झाड निघेपर्यंत हात भरून आला. अर्शिया दारात उभी होती. तिनं खपल्या झाडून घेतल्या.

१६ मार्च, रविवार

ओलीवर मुरूम टाकलाय. आख्खी ट्रॉली. चाकांच्या खुणा ताज्या आहेत, वर नेऊन बरोबर चिरेवर ओतलाय, इकडं तिकडं एक पाटी सांडलेली नाही. रेघ सरळ ओढता येत नाही, पण हे येतं.

कस्तुराबाईच्या शेळ्या ढिगावर चढून खुरांनी उकरत होत्या. तीच म्हणाली, "जनावरास्नी ठावं हाय की." मी पिशवीतून पत्ती काढली आणि बसून उपसायला लागलो. पत्तीनं मुरूम उपसणारा माणूस म्हणजे काय दिसत असेल ते मला ठाऊक आहे. शिव्या दिल्या, रोजा आहे हेसुद्धा विसरलो, मग तोबा केली, मग परत दिल्या.

तासाभरानं मागं फावड्यांचा आवाज आला. धम्मदीप आणि गावची पाच-सहा माणसं. तो म्हाताराही. म्हाताऱ्यानं कोपरानं मला बाजूला सारलं आणि म्हणाला, "सरका, तुमचं काम न्हाई हे." खडक उघडा पडला तेव्हा कोरडा होता, मुरमानं शोषून घेतलेला. सगळे बघत उभे राहिलो. मग चीर काळी पडायला लागली.

मी माझ्या दगडावर आलो. चुन्याची फुली अजून आहे, उतारावरच्या रेघाही; त्या चित्रात घेतल्या. मग बोर्ड पालथा केला. धम्मदीप पाठीशी येऊन उभा होता.

"उद्या बाई हेच वाचणार," तो म्हणाला. "दीड हात लिहा, चाचा. तेवढी तर असतेच ना?"

असते. मुरूम टाकला नसता तर आजही असती. मी उठलो, वर चढलो, हातानं मोजलं, खाली आलो आणि लिहिलं. त्यानं वाचलं. जाऊन शेजारच्या खडकावर बसला, आणि गेला नाही.

१६ मार्च २०२५, सकाळी ९.२०. वारा नाही. सालई सात, डावीकडे. उजवीकडे मुरूम, निम्मा उपसलेला. ओल एक वीत.

सकाळी १०.४०. ओल एक वीत, चार बोटं.